जहाजे मानाने जातात, कारखाने परिपत्रकाने

२२ जुलै २०२३ रोजी व्हिएतनामच्या काम रान्ह बंदरात भारतीय नौदलाने आपली ‘कृपाण’ ही युद्धनौका व्हिएतनामच्या नौदलाच्या स्वाधीन केली. नौदलप्रमुख अॅडमिरल आर. हरीकुमार जातीने हजर होते. तिरंगा उतरवला गेला, मानवंदना दिली गेली, कागदपत्रांवर सह्या झाल्या आणि १२ जानेवारी १९९१ पासून ३२ वर्षे भारताची सेवा केलेली ही नौका दुसऱ्या देशाची झाली. कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीत बांधलेली ही नौका भंगार म्हणून गेली नाही. ती चालू अवस्थेत, शस्त्रास्त्रांसह, भेट म्हणून गेली. चालू युद्धनौका भारताने मित्रदेशाला भेट देण्याची ही पहिलीच वेळ, असे सरकारने अभिमानाने सांगितले. दूरदर्शनवर बँड वाजताना दिसला.

समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या भंडारा जिल्ह्यातील जवाहरनगरच्या माणसाला याचे काय, असे कोणी म्हणेल. जवाहरनगरला समुद्र नाही, बंदर नाही. पण तेथे आयुध निर्माणी आहे. तोफेतला गोळा आणि नळीतला अग्निबाण ज्या जळणाऱ्या मसाल्याने पुढे सुटतो, तो प्रोपेलंट नावाचा मसाला आणि स्फोटके येथे बनतात. नौका कुणाच्याही असोत, तोफेच्या पोटात असले काही घातल्याशिवाय ती बोलत नाही. आणि ते घालण्याआधी कुणीतरी हाताने मळलेले, वाळवलेले, वजन करून भरलेले असते. हा ‘कुणीतरी’ काम रान्हच्या सोहळ्यात कधी दिसत नाही. म्हणून युद्धनौकांच्या देण्याघेण्याचा हिशोब एकदा जवाहरनगरच्या फाटकावर उभे राहून मांडायला हवा.

हा हिशोब १९४७ पासून सुरू होतो. फाळणी झाली तेव्हा टेबल-खुर्च्या वाटाव्यात तशा युद्धनौकाही वाटल्या गेल्या. सतलज, जमना, कृष्णा, कावेरी या स्लूप भारताकडे राहिल्या. गोदावरी आणि नर्मदा नावाच्या स्लूप पाकिस्तानकडे गेल्या. पुढे पाकिस्तानने गोदावरीचे ‘सिंध’ केले आणि नर्मदेचे ‘झेलम’ केले. नाशिकपासून नांदेडपर्यंत जिच्या काठाने आपली शेकडो खेडी वसली आहेत, जिच्या काठच्या काळाराम मंदिरासाठी बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला, त्या गोदावरीच्या नावाची युद्धनौका कराचीला गेली आणि तिचे नावही बदलले गेले. मात्र नाव बदलले म्हणून बॉयलरसमोर कोळसा-तेलाचा धूर खाणाऱ्या खलाशाचा पगार बदलला नाही.

आणि माणसांची वाटणी कशी झाली, तेही पाहा. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत ‘तलवार’ या नौदलाच्या केंद्रावर खलाशांनी बंड केले. निकृष्ट अन्न, गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शिव्या, वंशभेद ही त्याची कारणे होती. बंड ७८ जहाजांवर पसरले, सुमारे २० हजार खलाशी त्यात सामील झाले. गिरणगावातला कामगार त्यांच्यासाठी रस्त्यावर आला आणि गोळीबारात दोनशेवर माणसे मेली. काँग्रेस आणि मुस्लिम लीग या दोन्ही पक्षांच्या पुढाऱ्यांनी खलाशांना शरण जायला सांगितले. दीड वर्षाने स्वातंत्र्य आले. दोन्ही देशांनी जहाजे घेतली, तोफा घेतल्या, गोद्या घेतल्या. पण बडतर्फ झालेल्या त्या खलाशांना ना भारताच्या नौदलाने परत घेतले, ना पाकिस्तानच्या. नौदलाची सर्वोच्च खुर्ची मात्र १९५८ पर्यंत इंग्रज अधिकाऱ्याकडेच राहिली. त्या वर्षी एप्रिलमध्ये व्हाइस अॅडमिरल कटारी पहिले भारतीय नौदलप्रमुख झाले. सत्तेचे हस्तांतर म्हणजे काय, हे बाबासाहेब का पुन्हा पुन्हा विचारत होते, ते या एका उदाहरणावरूनही कळते. वस्तूंचे हस्तांतर लगेच होते. अधिकाराचे उशिरा होते. आणि ज्याने मार खाल्ला त्याच्यापर्यंत ते पोहोचतच नाही.

त्यानंतर ब्रिटनची वापरलेली जहाजे एकामागून एक आपल्याकडे आली. १९३९ साली जर्मनांशी लढलेली न्यूझीलंडच्या नौदलातली ‘अकिलीस’ १९४८ साली ‘दिल्ली’ झाली. ‘नायजेरिया’ नावाची क्रूझर ‘म्हैसूर’ झाली. एका गुलाम वसाहतीचे नाव पुसून दुसऱ्या संस्थानाचे नाव, असाच तो मामला. दुसऱ्या महायुद्धात बांधायला घेतलेली आणि १९४६ साली अर्धवट सोडलेली ‘हर्क्युलिस’ १९५७ साली विकत घेतली गेली आणि ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्टच्या गोदीत ‘विक्रांत’ म्हणून दाखल झाली. ही जहाजे निरुपयोगी होती असे कोणी म्हणणार नाही. गोवामुक्तीच्या वेळी ‘दिल्ली’ दीवसमोर उभी होती. १९७१ साली ‘विक्रांत’च्या विमानांनी बांगलादेशच्या किनाऱ्यावर मारा केला. समोरच्याकडेही तीच गत होती. कराचीसमोर बुडालेली पाकिस्तानची ‘खैबर’ ही मूळची ब्रिटनची ‘कॅडिझ’, आणि विशाखापट्टणमजवळ बुडालेली ‘गाझी’ ही अमेरिकेने दिलेली ‘डायब्लो’ पाणबुडी. तिला बुडवायला निघालेल्या नौकाही परक्या गोदीत बांधलेल्या. मोठ्यांनी जुनी हत्यारे विकावीत आणि गरीब देशांनी ती घेऊन एकमेकांच्या उरावर बसावे, असा हा व्यवहार.

बाबासाहेबांना हे तेव्हाच दिसत होते. मंत्रिमंडळाचा राजीनामा देताना, ऑक्टोबर १९५१ मध्ये, त्यांनी एक साधा आकडा देशापुढे ठेवला होता : वर्षाला ३५० कोटी रुपयांचा महसूल आणि त्यातले १८० कोटी सैन्यावर. हा अवाढव्य खर्च आपल्या परराष्ट्र धोरणाचे फळ आहे, कारण गरज पडेल तेव्हा मदतीला येईल असा एकही मित्र आपण ठेवलेला नाही, असे त्यांचे म्हणणे होते. ऑगस्ट १९५४ मध्ये राज्यसभेतही ते आंतरराष्ट्रीय परिस्थितीवर याच रोखाने बोलले. आपले लोक हिंदू कोड बिलासाठी दिलेला राजीनामा म्हणून तो दस्तऐवज लक्षात ठेवतात आणि ते बरोबरच आहे. पण त्यातला संरक्षण खर्चाचा भाग चळवळीत फारसा वाचला जात नाही. वाचायला हवा.

(जाता जाता : त्याच १९५४ साली भंडारा लोकसभा मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब उभे होते आणि पडले. काँग्रेसने त्यांना पाडले. पुढे त्याच जिल्ह्यात जी निर्माणी आणि वसाहत उभी राहिली, तिला नाव मिळाले जवाहरनगर. ज्याच्या परराष्ट्र धोरणावर बाबासाहेबांनी टीका केली त्याच्या नावाचे गाव, आणि त्या गावात बाबासाहेबांच्या अनुयायांची दोन-तीन पिढ्यांची भाकरी. इतिहासाची ही थट्टा जवाहरनगरचा माणूस रोज पाहतो.)

आता अलीकडचा एक व्यवहार बघू. जानेवारी २००४ मध्ये वाजपेयी सरकारने रशियाशी ‘अॅडमिरल गोर्शकोव्ह’ या विमानवाहू जहाजाचा करार केला. जहाज फुकट, फक्त दुरुस्तीचे ९७ कोटी ४० लाख डॉलर, असे सांगितले गेले. फुकटची म्हैस आणि दावणीचे भाडे, अशातला हा प्रकार. रशियाने काही वर्षांत हात वर केले आणि किंमत वाढवून मागितली. २००९ साली महालेखापालांनी आपल्या अहवालात स्पष्ट म्हटले की, मर्यादित आयुष्य उरलेले हे वापरलेले जहाज नव्यापेक्षा ६० टक्के महाग पडते आहे. तरीही २०१० साली मनमोहनसिंग सरकारने सुमारे २३५ कोटी डॉलरला मान्यता दिली. २०१२ च्या चाचणीत बॉयलर बिघडले. अखेर १६ नोव्हेंबर २०१३ रोजी ते ‘विक्रमादित्य’ नावाने दाखल झाले. भाजपने सौदा केला, काँग्रेसने तो फुगवला. संसदेत यावर आरडाओरड झाली, पण कुणाची खुर्ची गेली नाही.

आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. त्याच काळात दिल्लीत २०१० च्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धांसाठी अनुसूचित जातींच्या विशेष घटक योजनेतले सहाशे कोटींहून अधिक रुपये वळवले गेले, आणि गृहमंत्री चिदंबरम यांना ते संसदेत मान्य करावे लागले. म्हणजे जहाजाच्या वाढीव किमतीसाठी तिजोरीत पैसा होता. आणि दलितांच्या नावाने राखून ठेवलेला पैसा मात्र मैदाने आणि उड्डाणपुलांसाठी उचलता येत होता. वसतिगृहाच्या भोजनभत्त्यासाठी आणि शिष्यवृत्तीच्या थकबाकीसाठी समाजकल्याण कार्यालयाच्या पायऱ्या झिजवणाऱ्या पोराने हे दोन्ही आकडे एका कागदावर लिहून घ्यावेत. देशाला नौदल नको असे आम्ही म्हणत नाही. हजारो किलोमीटरचा किनारा असलेल्या देशाला ते हवेच. पण त्याची किंमत कोण ठरवते, चूक झाली तर भुर्दंड कोण भरतो, हे विचारण्याचा अधिकार कर भरणाऱ्या प्रत्येकाला आहे. काडेपेटीवर कर भरणारा शेतमजूरही त्यात आला.

अमेरिकेकडून २००७ साली आलेली ‘ट्रेंटन’ म्हणजे आजची ‘जलाश्व’. तिच्याबरोबर वापरावरच्या अटी आल्या. जहाज आपण पैसे मोजून घेतले, पण ते कुठे आणि कशासाठी न्यायचे यावर विकणाऱ्याचा डोळा राहिला. महालेखापालांनी त्यावरही ताशेरे मारले. फेब्रुवारी २००८ मध्ये या जहाजावर विषारी वायूची गळती होऊन नौसैनिक मृत्युमुखी पडले. याच ‘जलाश्व’ने २०२० च्या करोनाकाळात मालदीवमध्ये अडकलेल्या भारतीयांना कोचीला आणले, हेही सांगितले पाहिजे. चांगले ते चांगलेच. त्याच महिन्यात नागपूर-भंडारा-रायपूर महामार्गावरून आपल्याच देशातला मजूर डोक्यावर बोचके घेऊन पायी चालला होता, आणि त्याच्यासाठी लवकर कुठले जहाज आले नाही, कुठली गाडी आली नाही.

जहाज म्हातारे झाल्यावर काय होते? तेव्हा ते शेवटच्या वेळी हस्तांतरित होते, आणि या वेळी बँड वाजत नाही. ३१ डिसेंबर २००५ रोजी फ्रान्सने आपली ‘क्लेमान्सो’ ही विमानवाहू नौका गुजरातच्या अलंगकडे रवाना केली. तिच्या पोटात अॅस्बेस्टॉस होते. ते श्वासातून गेले की फुप्फुसाचा कर्करोग होतो, म्हणून युरोपात त्याला हात लावायचा तर अंगभर पोशाख आणि मुखवटा लागतो. अलंगच्या मजुराकडे फडके असते. जगभर ओरड झाली, आपल्या सर्वोच्च न्यायालयात प्रकरण आले, आणि फेब्रुवारी २००६ मध्ये राष्ट्राध्यक्ष शिराक यांनी नौका माघारी बोलावली. ती शेवटी इंग्लंडमध्ये तोडली गेली. ‘गोर्शकोव्ह’चे बॉयलर बिघडले तेव्हा रशियनांनी सांगितलेले कारण असे की, भारताने अॅस्बेस्टॉस वापरू दिले नाही. नौसैनिकांच्या प्रकृतीची ही काळजी योग्यच होती. तीच काळजी अलंगच्या किनाऱ्यावर ओरिसा-बिहारहून आलेल्या मजुरासाठी मात्र फ्रान्समधल्या लोकांनी आधी केली, आपल्या सरकारने नाही. हे लाजिरवाणे आहे.

मुंबईच्या ‘विक्रांत’चे तेच झाले. १९९७ साली निवृत्त झालेली ही नौका काही वर्षे संग्रहालय म्हणून उभी होती. महाराष्ट्र सरकारला ते चालवणे परवडेना. २०१४ साली साधारण साठ कोटींना ती भंगारात गेली आणि दारूखान्यात तिचे तुकडे झाले. त्या पोलादाची पुढे मोटारसायकल निघाली आणि देशभक्तीच्या जाहिरातीवर ती खपली. ‘विराट’साठी, म्हणजे ब्रिटनच्या जुन्या ‘हर्मिस’साठी, २०१८ साली राज्य मंत्रिमंडळाने सिंधुदुर्गात ८५२ कोटींच्या संग्रहालयाला मंजुरी दिली, आणि २०२० साली ती नौका ३८ कोटी ५४ लाखांना विकली जाऊन अलंगला गेली. नौकांसाठी हळहळणारे लेख मराठी वृत्तपत्रांत पानेच्या पाने आले. दारूखान्यात गॅसकटर घेऊन त्या पोलादावर चढलेल्या मजुरावर किती आले? जो मेलेली जनावरे ओढायचा, त्याच्याच वाट्याला मेलेली जहाजे ओढण्याचे काम येते. यंत्र नवे आले, पण काम वाटून देण्याची रीत जुनीच राहिली.

आता आपल्या घरातला एक अवघड प्रश्न. भारताने २०२० साली ‘सिंधुवीर’ ही पाणबुडी म्यानमारच्या नौदलाला दिली. त्या देशाची ती पहिली पाणबुडी. डिसेंबर २०२० मध्ये ती तेथे दाखल झाली आणि १ फेब्रुवारी २०२१ रोजी त्याच लष्कराने निवडून आलेले सरकार उलथवून सत्ता बळकावली. ब्रह्मदेश हा आपल्या मनात बाबासाहेबांच्या प्रवासाने कोरलेला देश आहे. डिसेंबर १९५४ मध्ये ते रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते. आमचे राज्यकर्ते परदेशात गेले की ‘आम्ही युद्ध नव्हे, बुद्ध दिला’ असे टाळ्या घेणारे वाक्य बोलतात. म्यानमारला त्यांनी काय दिले? पाणबुडी दिली, आणि तीही सेनापतींना. २००७ साली याच सेनापतींनी रस्त्यावर उतरलेल्या भिक्खूंना तुडवले होते. आणि आपणही डोळे झाकू नयेत : त्याच देशात रोहिंग्या मुसलमानांची घरे जाळली गेली, तेव्हा काही चीवरधारी त्या आगीला वारा घालत होते. तो बुद्धाचा धम्म नव्हे, हे आंबेडकरी बौद्धांनी मोठ्याने बोलायला हवे होते. आपल्यातले थोडेच बोलले.

येथे जवाहरनगरचे काही तरुण विचारतात, की मग आपण बौद्धांनी दारूगोळ्याच्या कारखान्यात काम करावे की नाही? प्रश्न खोटा नाही. विहारात पंचशील म्हणायचे आणि सकाळच्या पाळीला स्फोटके मळायची, हा पेच त्यांना टोचतो. पण बाबासाहेबांनी या पेचाला उत्तर दिलेले आहे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये अहिंसेचा विचार करताना त्यांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला आहे. अहिंसा हे तत्त्व आहे, आंधळा नियम नव्हे, अशी त्यांची मांडणी आहे. १८९२ च्या सुमारास इंग्रजांनी ‘लढाऊ जातीं’च्या नावाखाली महारांची सैन्यभरती बंद केली. त्याविरुद्ध गोपाळबाबा वलंगकरांपासून शिवराम जानबा कांबळेंपर्यंत सर्वांनी अर्ज केले, आणि १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली त्यामागे बाबासाहेबांची खटपट होती. सुभेदाराचा मुलगा बंदुकीपासून पळणारा नव्हता. शिवरायांचे आरमारही मायनाक भंडारी आणि दौलतखान यांच्यासारख्यांनी चालवले. त्या आरमारावर आज ज्यांना एकट्याची मालकी सांगायची आहे, त्यांच्या पूर्वजांना समुद्र ओलांडला की प्रायश्चित्त घ्यावे लागत होते. तेव्हा देशाच्या रक्षणासाठी काम करण्यात कमीपणा नाही. ते काम कोणत्या अटींवर होते आणि बनवलेले हत्यार कुणाच्या हाती जाते, यावर बोट ठेवणे हे आपले काम आहे.

अटींविषयीच मुख्य बोलायचे आहे. सैन्यदलांत आरक्षण नाही. पण आयुध निर्माण्यांत होते. महाराष्ट्रात अशा दहा निर्माण्या : अंबाझरी, अंबरनाथच्या दोन, भंडारा, भुसावळ, चांदा, देहूरोड, खडकीच्या दोन आणि वरणगाव. १९६२ च्या चीन युद्धानंतर भंडाऱ्यासारखी ठिकाणे उभी राहिली आणि धर्मांतरानंतर शिकलेल्या पहिल्या पिढीला येथे पक्की नोकरी मिळाली. आयटीआय झालेला पोरगा बिंदुनामावलीवर लागला, क्वार्टर मिळाले, मुले केंद्रीय शाळेत गेली, वसाहतीत बुद्धविहार उभे राहिले, १४ एप्रिलची मिरवणूक निघू लागली. गावकीच्या कामातून सुटका म्हणजे काय, हे त्या क्वार्टरच्या दोन खोल्यांनी शिकवले. निर्माणीची नोकरी हे आपल्या समाजासाठी नुसते पगाराचे साधन नव्हते. मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी १९४६ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती आणून आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आणले होते. त्या कायद्याचे फळ हातात पडल्यासारखी ती नोकरी होती.

या निर्माण्यांचे हस्तांतर झाले ते असे. आयुध निर्माणी मंडळ मोडून ४१ कारखाने सात कंपन्यांत वाटायचे ठरले. कामगारांच्या तिन्ही महासंघांनी संपाची नोटीस दिली. ३० जून २०२१ रोजी सरकारने अध्यादेश काढला : संरक्षण उत्पादनात संप कराल तर एक वर्षापर्यंत कैद. पुढे त्याचा कायदा केला. एक वर्षाच्या मुदतीचा का होईना, पण नेमका कंपन्या बनत असताना तो डोक्यावर टांगलेला होता. १ ऑक्टोबर २०२१ पासून मंडळ संपले, सुमारे ७० हजार कर्मचारी ‘मानीव प्रतिनियुक्ती’वर गेले, आणि भंडारा निर्माणी पुण्यात मुख्यालय असलेल्या ‘म्युनिशन्स इंडिया लिमिटेड’ची झाली. पंतप्रधानांनी या कंपन्या देशाला अर्पण केल्या त्या १५ ऑक्टोबर २०२१ रोजी, विजयादशमीला. त्यांच्यासाठी तो शस्त्रपूजेचा दिवस. आपल्यासाठी धम्मचक्र प्रवर्तन दिन. जुन्या ‘कृपाण’ला शेवटचा सलाम मिळाला, दोनशे वर्षांहून जुनी परंपरा असलेल्या निर्माण्यांचा कामगार सकाळी उठला तेव्हा त्याची आस्थापना बदललेली होती.

कंपनी झाली तरी सरकारी कंपनीत आरक्षण राहते, असे उत्तर मिळते. कागदावर राहते. पण बिंदुनामावली पक्क्या पदांना लागते. पक्का कामगार निवृत्त झाला, जागा भरली नाही, आणि तेच काम ठेकेदाराला दिले, की नामावली लागायला पदच उरत नाही. आरक्षण रद्द करायला घटनादुरुस्ती लागेल, गदारोळ होईल. ठेका द्यायला नुसती निविदा पुरते. हे ओळखायला आपल्याला फार उशीर झाला. आपण ‘आरक्षण वाचवा’च्या घोषणा देत राहिलो आणि खाली पदे वितळत राहिली.

आणि ठेक्याच्या माणसाला जीवही स्वस्त पडतो. विदर्भाचा हा दारूगोळ्याचा पट्टा एकदा नजरेखालून घाला. पुलगावच्या दारूगोळा भांडारात ३१ मे २०१६ च्या रात्री आग लागली आणि विझवायला धावलेले अग्निशमन दलाचे जवान मोठ्या संख्येने मेले. त्याच पुलगावजवळ २० नोव्हेंबर २०१८ रोजी जुना दारूगोळा नष्ट करताना स्फोट होऊन सहा जण मेले. त्यांत ठेकेदाराने आजूबाजूच्या खेड्यांतून आणलेले मजूर होते. १७ डिसेंबर २०२३ रोजी नागपूरजवळ बाजारगाव येथे खासगी स्फोटक कारखान्यात नऊ जण मेले, त्यांत सहा बाया होत्या. आणि २४ जानेवारी २०२५ रोजी सकाळी साडेदहाच्या सुमारास जवाहरनगरच्या निर्माणीत स्फोट झाला, छत कोसळले आणि आठ कामगार गेले. कित्येक किलोमीटरवर घरांना हादरे बसले. दोन दिवसांनी प्रजासत्ताक दिन होता. दिल्लीच्या राजपथाचे नाव आता कर्तव्यपथ आहे. त्याच्यावरून रणगाडे, अग्निबाण आणि नौदलाचा चित्ररथ गेला. त्या अग्निबाणांच्या पोटातला मसाला बनवणाऱ्या आठ घरांत तेव्हा सुतक होते.

पुलगाव, बाजारगाव, जवाहरनगर. मेलेल्यांची जात विचारायची नाही, असे सभ्य लोक म्हणतात. ठीक आहे. मग गाव विचारा, किती एकर जमीन होती ते विचारा, रोजी किती होती, विमा होता का, स्फोटके हाताळण्याचे प्रशिक्षण किती दिवस दिले ते विचारा. या प्रश्नांची उत्तरे आली की जात आपोआप कळते.

आता पुढे काय. भारत आज शस्त्रे विकणारा देश होऊ पाहत आहे. ‘कृपाण’ त्याच वाटेवरचे पाऊल आहे. कोचीत बांधलेली नवी ‘विक्रांत’ २ सप्टेंबर २०२२ रोजी दाखल झाली, नौदलाच्या ध्वजावरून इंग्रजांचा क्रॉस गेला आणि शिवरायांच्या मुद्रेची अष्टकोनी खूण आली. परक्यांची जुनी जहाजे घेणारा देश स्वतःची बांधू लागला, याचा आनंद आम्हालाही आहे. ‘कृपाण’च्याच जातीची पहिली नौका ‘खुकरी’ मुंबईच्या माझगाव गोदीत बांधली गेली, तेव्हा तेथे रिबिट ठोकणाऱ्या, वेल्डिंग करणाऱ्या हातांत आपलेही हात होते. म्हणूनच या व्यवहारात आपल्याला फक्त टाळ्या वाजवायला उभे करू नका.

भंडारा-गोंदियाच्या खासदारांनी लोकसभेत नेमके विचारावे : जवाहरनगरच्या २४ जानेवारी २०२५ च्या स्फोटाचा चौकशी अहवाल मराठीत छापून निर्माणीच्या फाटकावर आणि ठाणा पेट्रोलपंपाच्या चौकात केव्हा लावणार? १ ऑक्टोबर २०२१ रोजी या निर्माणीत मंजूर पदे किती होती, आज किती आहेत, त्यांतली अनुसूचित जाती-जमातींची किती भरली? ठेक्यावरचे कामगार किती, आणि स्फोटकांच्या विभागात त्यांतले किती पाठवले जातात? मृतांच्या वारसांना पक्की नोकरी दिली की नुसता धनादेश? आणि परदेशी नौदलाला शस्त्रासह नौका देताना, ते शस्त्र उद्या त्या देशातल्या निःशस्त्र माणसावर चालणार नाही याची लेखी हमी घेतली जाते का? म्यानमारकडून घेतली होती का?

निर्माणीतल्या आपल्या संघटनांनीही एक करावे. अनुसूचित जाती-जमाती कर्मचारी संघटना पक्क्या कामगारांपुरती राहिली आहे. ठेकेदाराच्या माणसाला तिचे सभासदत्व नाही, मिरवणुकीची वर्गणी मात्र त्याच्याकडूनही घेतली जाते. या वर्षीच्या १४ एप्रिलच्या बैठकीत हा विषय पहिला घ्यावा, डीजेचा नंतर.